घरचं पोर आधी

‘‘आप्पा, एकच विनंती आहे,’’ सून म्हणाली. ‘‘हे दहा दिवस जुईला शिकवू नका.’’

मी चहाचा कप खाली ठेवला. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला त्याच्याच ओसरीवर बसून सांगायचं, की नातीला शिकवू नका! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

‘‘मग काय करू? पाटावर बसवून ओवाळू?’’

केतकी हसली नाही. ‘‘तुम्ही जे करता त्यात तिला सोबत घ्या. विहिरीवर गेलात तर तिला न्या. बाजाराला निघालात तर न्या. ती विचारेल तेवढं सांगा. आम्ही घरी असंच करतो.’’

माझा मुलगा उदय गाडीतून जुईची पिशवी काढत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं, पण तो वळला नाही. माझ्याशी बोलताना तो असाच काहीतरी काम काढायचा.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. जुई तेव्हा आठ वर्षांची होती आणि तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. उदय आणि केतकी पुण्यात तिला घरीच शिकवत. शिकवत म्हणजे काय करत, देव जाणे. गावात कुणी विचारलं, ‘‘गुरुजी, नात कितवीत?’’ तर मी छातीठोक सांगायचो, ‘‘तिसरीत.’’ आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलं आणि म्हातारपणी त्या एका शब्दासाठी खोटारडा झालो. हे सगळं सुनेचं खूळ आहे, उदय बायकोच्या ताटाखालचं मांजर झालाय, असं माझं पक्कं मत होतं.

केतकीच्या वडिलांचं नागपूरला ऑपरेशन होतं, म्हणून ती दोघं निघाली होती. गाडी वळणाआड गेली तशी माझी बायको हौसा माझ्याजवळ आली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार दिवसांनी पाहत होतो.

‘‘आवं, उदय काय म्हणला ठावं हाय का? हे धा दिवस नीट गेलं, पोरगी हितं रमली, तर जूनपास्नं हितंच ऱ्हायाला येत्यात. त्याचं काम काय, काँप्युटरवर कुठनं बी होतंय.’’

‘‘असं तो म्हणाला?’’

‘‘माज्याशी म्हणला. तुमच्याशी कवा बोलतोय त्यो?’’

ते खरं होतं. दहावी झाल्यावर उदय साताऱ्याला वसतिगृहात गेला, तेव्हापासून या घरात तो सलग दोन रात्री राहिला नव्हता. दिवाळीला यायचा, पाडव्याला निघायचा. कारण विचारलं की काम सांगायचा. हौसानं किती वर्षं त्याच्या खोलीतली गादी उन्हात टाकली असेल. आता तो घरी येणार होता, आणि ते या दहा दिवसांवर होतं. मी मनाशी ठरवलं, जिभेला कुलूप घालायचं.

पहिले चार दिवस ते कुलूप टिकलंही. जुई हौसाच्या मागंमागंच असायची. हौसानं खुडूक कोंबडी नऊ अंड्यांवर बसवली होती. पडवीच्या कोपऱ्यात पाटी, पाटीत भुसा, आणि वर ती कोंबडी अंग फुगवून बसलेली. जुई आली तो तिचा बारावा दिवस होता. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात असं आजीनं सांगितल्यावर जुईनं चुलीतला कोळसा घेतला, भिंतीवर बारा रेघा ओढल्या आणि म्हणाली, ‘‘म्हणजे बाबा येईल त्या दिवशी निघतील.’’ मी मनातल्या मनात मोजून पाहिलं. बरोबर होतं.

हौसाला अक्षर येत नाही. ती शिकवत नव्हती, म्हणून तिला शिकवू नका असं कुणी सांगितलंही नव्हतं. ती अंडं उचलून जुईच्या कानाला लावायची आणि म्हणायची, ‘‘अजून गप हाय. निजलंय.’’ आणि जुई ते अंडं दोन्ही हातांत असं धरायची की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा.

पाचव्या दिवशी मला राहवलं नाही. वर्तमानपत्र वाचत होतो. जुई शेजारी येऊन बसली. मथळ्यावर बोट ठेवून मी सहज विचारलं, ‘‘हे काय लिहिलंय गं?’’

तिनं पाहिलं. ‘‘‘प’ आहे. हा ‘ण’. पुढचं मला अजून येत नाही, आप्पा.’’

‘‘आणि हे?’’

‘‘ते पण नाही.’’

तिला लाज वाटली नव्हती. मला वाटली. आठ वर्षांची पोर, मुळीक गुरुजींची नात, आणि जोडाक्षर येत नाही! ज्या गुरुजींनी अख्ख्या वाडीला बाराखडी शिकवली, त्यांच्याच घरात दिव्याखाली अंधार. त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपण आत्ता काही केलं नाही तर पोरीचं आयुष्य वाया जाईल, असं मला खरंच वाटलं. हे मी स्वतःला सोडवण्यासाठी सांगत नाही. वाईट काम करताना ते भल्याचंच वाटत असतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी हौसा दळणाला गेली. मी जुईला म्हणालो, ‘‘चल, माझी शाळा दाखवतो.’’

ती लगेच चप्पल घालून तयार. ‘‘तुम्ही जे करता ते?’’

‘‘हो. मी जे करायचो ते.’’

शाळा सांभाळणारी सविता शेलार माझीच विद्यार्थिनी. मला पाहून ती उठून पाया पडली. तिसरी-चौथीचा वर्ग एकत्र बसला होता. पोरं एकदम उभी राहिली आणि वर्गभर आवाज घुमला, ‘‘एक साथ नमस्ते!’’ निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण तो आवाज कानावर पडला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली.

‘‘गुरुजी, तुम्ही जरा वर्ग बघता का?’’ सविता म्हणाली. ‘‘खिचडीचा तांदूळ मोजून देते, दहा मिनिटांत येते.’’

आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं. जुईला मी मुलींच्या रांगेत पहिल्या बस्करावर बसवलं. टेबलावर लाकडी फूटपट्टी होती, फळ्यावर रेघा ओढायची. ती हातात घेतली. हातात काहीतरी असल्याशिवाय मला वर्गात उभं राहता येत नसे.

इथं माझ्या शिकवण्याची एक रीत सांगायला हवी. उदय चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता. गावात मास्तरचं पोर मास्तरच्याच वर्गात असलं की लोकांचे डोळे त्यावर असतात. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ असं माझ्याबद्दल कुणी म्हणू नये, याची मला फार धास्ती. म्हणून मी नियमच केला होता: घरचं पोर आधी. प्रश्न पहिला उदयला. चुकला तर पट्टीही पहिली उदयला, आणि दुसऱ्याला एक तर त्याला दोन. कधीकधी तो चुकलेला नसला तरी, वर्ग गडबड करत असला की सुरुवात त्याच्यापासून. गाव खूष होतं. निरोपाच्या समारंभात सरपंचांनी भाषणात ते मुद्दाम सांगितलं, ‘‘गुरुजींनी सख्ख्या पोराला कधी सोडलं न्हाय.’’ टाळ्या पडल्या. मी त्या टाळ्या पुष्कळ दिवस मनात जपल्या.

आणि मारताना मी पोराच्या तोंडाकडे कधी पाहत नसे. वर्गाकडे पाहायचो. मार एकाला असतो, धडा सगळ्यांना. पोरंही आठवड्याभरात एक गोष्ट न शिकवता शिकत: हात पुढे करताना अंगठा आत दुमडायचा. अंगठ्याच्या हाडावर पट्टी बसली की दोन दिवस पेन्सिल धरता येत नाही.

मी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. ‘‘कोण वाचतं?’’

बरेच हात वर झाले. मी सवयीनं म्हणालो, ‘‘थांबा. घरचं पोर आधी. जुई, ऊठ.’’

जुई उठली. फळ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘आप्पा, मला हे येत नाही. तुम्ही वाचा ना.’’

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं हसलं. मग सगळा वर्ग. ते हसणं जुईला नव्हे, मलाच आहे असं वाटलं. कान तापले.

‘‘हात पुढे कर,’’ मी म्हणालो आणि वर्गाकडे पाहिलं.

पट्टी खाली आली. फार जोरात नव्हती. पण पट्टीचा आवाज नेहमीसारखा आला नाही, काहीतरी पोकळ, दबका आला. मागून ‘स्स्’ही नाही, रडणंही नाही. वर्ग मात्र चिडीचूप झाला होता. तेव्हा मी वळून पाहिलं.

जुईचा हात अजून पुढेच होता. तळवा वर, बोटं जुळवून खोलगट केलेली. देवळात तीर्थ घ्यायला आपण हात करतो तसा. शाळेत कधी न गेलेल्या पोरीला ‘हात पुढे कर’चा दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता. तिच्या तोंडावर हसू होतं, ते अजून पुरतं गेलं नव्हतं.

‘‘मला वाटलं, तुम्ही काहीतरी देणार,’’ ती म्हणाली.

दारात सविता उभी होती. ती हळूच आत आली आणि माझ्या हातातून पट्टी काढून घेतली. ‘‘गुरुजी, आता मारत नाही आपण,’’ एवढंच ती म्हणाली. मास्तरला विद्यार्थ्यानं समजावणं काय असतं ते मला तेव्हा कळलं.

परत येताना जुई माझ्या पुढं चालत होती. नेहमी ती बोट धरायची. ओढ्याजवळ आल्यावर मी म्हणालो, ‘‘जुई, हे बाबाला...’’

ती थांबली. ‘‘बाबाला काय?’’

सांगू नको, हे शब्द ओठांवर होते. तिच्या तोंडाकडे पाहून ते बाहेर पडले नाहीत. ‘‘काही नाही,’’ मी म्हणालो.

घरी आल्यावर तिनं आजीला सरळ विचारलं, ‘‘आजी, आप्पांनी माझ्या हातावर पट्टी मारली. तो खेळ होता का?’’

हौसा पिठाचा डबा भरत होती. तिनं डबा खाली ठेवला, जुईचा हात हातात घेतला, त्यावरून आपला पिठाचा हात फिरवला. ‘‘न्हाय बाळा, खेळ नव्हता. आप्पा चुकलं. आप्पा बाबाला सांगत्याल.’’ मग मला मागच्या दारी बोलावून म्हणाली, ‘‘म्या सांगणार न्हाय. पोरीला बी सांगाया लावणार न्हाय. तुमीच सांगायचं.’’

‘‘सांगितलं तर तो येईल का जूनमध्ये?’’

‘‘न्हाय येणार,’’ हौसा म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. ‘‘तरी बी सांगायचं.’’

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला असं एकदाही बजावलं नव्हतं. तिचा मुलगा घरी येणार होता, आणि तो येणं ती स्वतःच्या हातानं घालवत होती. मला तिची लाज वाटली, म्हणजे तिच्यापुढं माझी.

संध्याकाळी उदयचा फोन आला. जुईनं कोंबडीचं सांगितलं, रेघांचं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, ‘‘बाबा, अजून एक गोष्ट आहे, पण ती आप्पा सांगणार आहेत.’’

‘‘काय, आप्पा?’’ फोनवर उदय.

‘‘आल्यावर सांगतो.’’

पुढचे तीन दिवस मी पडवीत बसून काढले. जुई माझ्याशी बोलत नव्हती असं नाही. ती पाटीजवळ यायची, अंड्याला कान लावायची, रेघ ओढायची. एकदा मला म्हणाली, ‘‘आप्पा, ऐकायचंय?’’ मी मान हलवली. तिनं अंडं माझ्या कानाला लावलं. आत टक्टक् होत होती. छत्तीस वर्षांत मी कधी कुठल्या गोष्टीला असा कान लावला होता, आठवेना.

दहाव्या दिवशी दुपारी उदय एकटाच आला. केतकी वडिलांजवळ राहिली होती. तो अंगणात पाय धूत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. उशीर केला असता तर धीर गेला असता.

‘‘उदय, मी जुईला मारलं.’’

त्यानं तांब्या खाली ठेवला. ‘‘कुठं?’’

‘‘शाळेत नेलं होतं. हातावर. पोरांच्या पुढं.’’

‘‘कशानं?’’

‘‘पट्टीनं.’’

‘‘किती?’’

‘‘एक.’’

‘‘काय चुकलं होतं तिचं?’’

‘‘काही नाही. वाचता येत नाही म्हणाली.’’

तो बराच वेळ पाय पुसत राहिला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहून बोलला. ‘‘आप्पा, तुम्हाला वाटतं हे केतकीचं आहे. तिला शाळा हवी होती. पुण्यात चांगली शाळा शोधून ठेवली होती तिनं. नको मी म्हटलं.’’

‘‘का?’’

ओसरीवर चढून त्यानं हाक मारली, ‘‘जुई, पिशवी भर. निघायचंय आपल्याला.’’

हौसा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत जाऊन ताट वाढायला लागली. रिकाम्या पोटी पाठवायचं नाही, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

‘‘बाबा, लवकर ये!’’ पडवीतून जुई ओरडली. ‘‘निघाली!’’

पाटीत कोंबडीच्या पंखाखालून दोन पिल्लं डोकावत होती. एक अजून ओलं होतं, दुसरं सुकून पिवळं झालं होतं. जुईनं आजीनं शिकवल्याप्रमाणे कोंबडीला न बिथरवता, हळूच खालून हात घालून सुकलेलं पिल्लू उचललं आणि पाठीमागं लपवलं.

‘‘बाबा, खाली बस. डोळे मिट. आता हात पुढे कर.’’

उदय गुडघ्यांवर बसला. डोळे मिटले आणि हात पुढे केला.

मी दोन हात अंतरावर उभा होतो. तो हात मी ओळखला. कोपर बरगडीला घट्ट लावलेलं, पंजा ताठ, बोटं एकमेकांना चिकटलेली आणि अंगठा आत दुमडलेला. मान एका बाजूला वळलेली. बेचाळीस वर्षांचा माणूस, दाढीत पांढरे केस आलेले, आणि त्याचा हात अजून माझ्या वर्गात उभा होता. का, म्हणून मी अंगणात विचारलं होतं, त्याचं उत्तर माझ्या समोर होतं. तो इथं दुसरी रात्र का काढत नव्हता, त्याचंही.

‘‘असा नाही रे, बाबा!’’ जुई म्हणाली. ‘‘अंगठा आत घेतलास तर पिल्लू पडेल. खोल कर.’’

त्यानं हात सैल करायचा प्रयत्न केला. बोटं जरा हलली. अंगठा आतच राहिला. त्याला ते कळतही नव्हतं बहुतेक.

मी खाली बसलो. माझे गुडघे कटकन वाजले. मी त्याचा हात धरला. माझी पट्टी या हाताला किती वेळा लागली होती, त्याचा हिशोब नाही. माझा हात कधी लागला होता, आठवत नव्हतं. मी त्याचा अंगठा धरून हळूहळू बाहेर काढला. त्यानं हात ओढून घेतला नाही. मग मी त्याची बोटं एकेक करून वाकवली, तळव्यात खळगा होईपर्यंत. आणि या वेळी मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. त्याच्या तोंडाकडेच पाहिलं.

‘‘चुकलं माझं, पोरा,’’ मी म्हणालो. ‘‘चौथीपर्यंत रोज चुकलं.’’

त्याचे डोळे मिटलेलेच होते. मिटल्या पापण्यांतून पाणी दाढीत उतरलं. मलाही रडू फुटलं, आणि ते मी आवरलं नाही. दारात हौसा ताट हातात घेऊन तशीच उभी होती.

जुईला मोठ्या माणसांच्या रडण्याचं फारसं काही वाटलं नसावं. तिनं पिल्लू त्याच्या तळव्यात ठेवलं, वरून आपला हात धरला आणि वाट पाहिली. पिल्लानं दोनदा चिवचिव केलं, पाय पोटाखाली घेतले.

‘‘बघ,’’ ती म्हणाली, ‘‘आता बसलं.’’

जेवणं झाली. उन्हं कलली. जुईची भरलेली पिशवी ओसरीच्या खांबाला टेकवलेली होती. कुणीतरी ती उचलेल म्हणून मी एकसारखा तिकडं पाहत होतो. दिवेलागणीला उदय आतून आला, पिशवीकडे पाहिलं आणि आईला विचारलं, ‘‘माझी गादी कुठं आहे गं?’’

‘‘हाय की. उन्हात टाकल्याली हाय,’’ हौसा म्हणाली. ‘‘रोजच टाकतीया.’’

तो तीन रात्री राहिला.